पाण्याची नळी

पीसीआरच्या प्रत्येक फेरीत एक नळी अशी असते, जिच्यात तपासण्यासारखं काहीही घातलेलं नसतं. बाकीच्या नळ्यांत रुग्णाच्या घशातला स्राव, पिकाचं पान किंवा जुनं हाड यांतून काढलेला डीएनए असतो. या नळीत त्याच्या जागी तेवढंच पाणी. प्रायमर, चार प्रकारचे न्यूक्लिओटाइड, मॅग्नेशियमचा क्षार, बफर आणि टॅक पॉलिमरेज हे बाकीचं सगळं मात्र सारखंच, एकाच मास्टर मिक्समधून वाटलेलं. तासा-दोन तासांनी यंत्र थांबतं तेव्हा या नळीत काही दिसू नये अशी अपेक्षा असते आणि बहुतेक वेळा दिसतही नाही. त्यामुळे तिच्याकडे बघण्याची सवय हळूहळू सुटते. जेलच्या फोटोत ती कडेला असते, आणि छापण्यासाठी फोटो कापायची वेळ आली की कात्री आधी तिच्यावरच चालते. माझं म्हणणं असं, की पीसीआरचं वाचन याच नळीपासून सुरू व्हायला हवं. नमुन्यात काय आहे हा दुसरा प्रश्न झाला. आपल्या बाटल्यांत काय आहे हा पहिला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही.

असं का, हे पीसीआरच्या गणितातच आहे. दर चक्रात डीएनएच्या प्रती जवळपास दुप्पट होतात. एका रेणूपासून सुरुवात केली आणि प्रत्येक चक्र पूर्ण क्षमतेनं चाललं, तर तीस चक्रांनंतर 107 कोटींहून अधिक प्रती तयार होतात. प्रत्यक्षात क्षमता पूर्ण नसते, पण हिशेबाचा स्वभाव बदलत नाही. विरजण लावताना भांड्याला आधीचं काय चिकटलं आहे ते जसं दुसऱ्या दिवशीच कळतं, तसंच इथे होतं: वाढवण्याची क्रिया आपलं आणि परकं असा भेद करत नाही. त्यातून तयार झालेली नळी ही स्वतःच पुढच्या प्रयोगाचा शत्रू. 50 मायक्रोलिटरमध्ये एक लाख कोटी प्रती झाल्या असतील, तर एका मायक्रोलिटरच्या लाखाव्या भागातही दोन लाख प्रती असतात. झाकण उघडताना उडालेला, डोळ्यांना न दिसणारा तुषारही पुरेसा होतो. पीसीआर नवीन होतं तेव्हाच, 1989 साली, क्वोक आणि हिगुची या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये याबद्दल सावध केलं होतं: मिश्रण बनवायची जागा आणि तयार झालेल्या प्रती हाताळायची जागा वेगळी ठेवा, रिएजंट छोट्या वाटपांत साठवा, आणि डीएनए न घातलेली नळी कधी चुकवू नका. या सूचना आजही प्रयोगशाळांच्या भिंतींवर चिकटवलेल्या असतात. भिंतीवरच्या कागदाचं पुढे काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे.

पण हाताळणीतली चूक हा या गोष्टीचा सोपा भाग आहे. हात चुकला तर हाताला शिस्त लावता येते. अवघड भाग असा, की रिएजंट हे कधीच कोऱ्या पाटीसारखे नसतात. त्यांना पूर्वायुष्य असतं. टॅक पॉलिमरेज हे वितंचक थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जीवाणूचं. तो 1966 साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात सापडला. टॅक येण्यापूर्वी उष्णतेनं नासणारं वितंचक दर चक्राला नव्यानं घालावं लागे; टॅकनं ती कटकट संपवली आणि पीसीआर घरोघरचं झालं. आज टॅक गरम झऱ्यातून काढत नाहीत. त्याचा जनुक ई. कोलाय या जीवाणूत घालून मोठ्या पात्रांत वाढवतात, मग पेशी फोडून वितंचक शुद्ध करतात. कितीही शुद्ध केलं तरी ज्या घरात ते वाढलं त्या घराचे तुकडे त्याच्याबरोबर येतात. जीवाणूंचा डीएनए शोधायच्या प्रयोगात जीवाणूंपासून बनवलेलं वितंचक वापरायचं, यातली गंमत 1990 मध्येच लक्षात आली होती. त्या वर्षी टॅकच्या बाटल्यांतच जीवाणूंचा डीएनए असल्याचं प्रसिद्ध झालं. प्राचीन प्राण्यांच्या हाडांवर काम करणाऱ्या चार प्रयोगशाळांना आपापल्या रिएजंटमध्ये गाय, डुक्कर आणि कोंबडी यांचा डीएनए मिळाला, आणि त्यांनी ते 2007 मध्ये एकत्र लिहिलं. आता कल्पना करा: कुणी जुन्या वस्तीतल्या हाडावरून गाय केव्हा माणसाळली हे शोधतो आहे आणि गाय आहे ती बाटलीत.

या संदर्भात ‘निर्जंतुक’ या शिक्क्यावरचा विश्वास फार महागात पडतो. वाफेच्या दाबानं जंतू मरतात. पण मेलेल्या जंतूचा किंवा पॅकिंग करणाऱ्या माणसाच्या त्वचेचा डीएनए तुकड्यातुकड्यांनी उरतो, आणि पीसीआरला तुकडा पुरतो. जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एप्रिल 2007 मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला आणि तिचा सहकारी गंभीर जखमी झाला. गाडीवरून घेतलेल्या नमुन्यात एका अनोळखी स्त्रीचा डीएनए मिळाला. तोच डीएनए 1993 पासूनच्या खुनांत, घरफोड्यांत, वापरलेल्या सिरिंजवर, जर्मनीबरोबर ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्येही मिळत गेला; सुमारे चाळीस ठिकाणी. एकच बाई कधी खून करते, कधी किरकोळ चोरी करते, दरवेळी नवे साथीदार गाठते आणि कुणाला दिसत मात्र नाही. तिच्यावर तीन लाख युरोंचं इनाम लागलं. मग एका जळालेल्या पुरुषाच्या ओळखीसाठी त्याच्या जुन्या अर्जावरचा बोटाचा ठसा तपासला, आणि त्याच्यावरही हीच बाई निघाली. मार्च 2009 मध्ये उलगडा झाला: नमुना घेण्याचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात तयार होत, तिथल्या एका कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक होते, डीएनएमुक्त नव्हते. बव्हेरिया राज्य या सगळ्या गुन्ह्यांच्या नकाशाच्या मध्यावर, तरी तिथे ही बाई कधी उगवली नाही, कारण तिथले पोलीस वेगळ्या ठिकाणचे बोळे वापरत. म्हणजे उत्तर नकाशावर आधीपासूनच दिसत होतं, फक्त ते रिकाम्या जागेत होतं. कोरे बोळे मुठीमुठीनं तपासले असते तर बाई लवकर सापडली असती. पण पाचशे बोळ्यांतला एखादाच दूषित असेल तर एक कोरा बोळा तपासून काय होणार, असा प्रश्न इथे रास्तपणे येतो. त्याकडे पुढे वळतो. (पुढे 2011 मध्ये त्या खुनाचा धागा एका नवनाझी टोळीशी जुळला. तोपर्यंत तपासाची दोन वर्षं एका निरपराध कामगार स्त्रीच्या मागे खर्ची पडली होती.)

बोळ्यांची कथा थरारक आहे म्हणून सांगितली जाते. माझ्या मुद्द्याला तिच्याहून अधिक बळ देणारा प्रयोग मात्र अगदी नीरस आहे. 2014 मध्ये सुझाना सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेला बोंगोरी या एकाच जीवाणूचं शुद्ध संवर्धन घेतलं, ते दहा-दहा पटींनी पातळ करत नेलं आणि ते नमुने तीन संस्थांत तपासले. दाट नमुन्यांत सगळीकडे साल्मोनेलाच आला. पातळ करत जाल तसतसे दुसरेच जीवाणू दिसू लागले आणि तळाच्या पातळ्यांवर त्यांनी साल्मोनेलाला मागे टाकलं. हे जीवाणू प्रामुख्यानं माती-पाण्यात राहणारे, आणि कुठले येणार ते डीएनए काढायचं किट कोणतं यावर ठरत होतं. त्याच लेखात दुसरं उदाहरण आहे, आणि मला तेच जास्त अस्वस्थ करतं. थायलंडमधल्या माएला निर्वासित छावणीतल्या बाळांच्या नाक-घशातले नमुने दर महिन्याला घेतले होते. आकडेवारीत सुंदर आकृतिबंध दिसला: बाळ वाढतं तसे त्याच्या नाकातले जीवाणू बदलतात. जीवशास्त्राला पटेल अशी गोष्ट. पण नमुन्यांतून डीएनए काढताना किटचे चार वेगवेगळे लॉट वापरले गेले होते, आणि रिएजंटमधून आलेले जीवाणू यादीतून वगळल्यावर तो आकृतिबंध विरून गेला. बाळांच्या वयाची म्हणून सांगितली गेली असती ती गोष्ट लॉटच्या क्रमांकांची होती. दूषितपणा म्हणजे एखादा चुकीचा बँड, अशी आपली समजूत असते. इथे त्यानं चुकीचा निष्कर्ष दिला, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा.

यावर किट बनवणाऱ्यांच्या बाजूनं बोलणारा म्हणेल, की हे सगळं जुनं झालं. आता वितंचकं डीएनए-मुक्त म्हणून तपासून विकली जातात, फिल्टर लावलेल्या टिप मिळतात, आणि थायमिनऐवजी युरॅसिलवाले न्यूक्लिओटाइड वापरून मागच्या प्रयोगाच्या प्रती पुढच्या प्रयोगाच्या सुरुवातीलाच एका वितंचकानं तोडून टाकता येतात. हे खरं आहे आणि उपयोगीही आहे. पण शेवटची युक्ती फक्त स्वतःच्या जुन्या प्रतींपासून वाचवते. बाटलीतून आलेल्या नैसर्गिक डीएनएमध्ये थायमिनच असतं आणि त्याला ती हात लावत नाही. शिवाय डीएनए-मुक्त हे प्रमाणपत्र कशाच्या तुलनेत ते विचारावं लागतं. मानवी डीएनएसाठी तपासलेली बाटली जीवाणूंच्या प्रयोगाला स्वच्छ असेलच असं नाही. उलट सुधारणांबरोबर नवे घटक येतात आणि नव्या घटकांची नवी पूर्वायुष्यं. हॉट-स्टार्ट टॅकचं उदाहरण घ्या. थंड असताना वितंचकानं भलतंसलतं जोडू नये म्हणून त्याच्यावर प्रतिपिंड बसवतात. हे प्रतिपिंड बऱ्याचदा उंदराच्या पेशींपासून बनतात. मिश्रण अधिक नेमकं झालं, आणि त्यात उंदीर शिरला.

तो उंदीर किती दूर गेला हे एक्सएमआरव्ही या विषाणूच्या प्रकरणात दिसलं, आणि दुसऱ्या आक्षेपाचं उत्तरही तिथेच आहे. आक्षेप असा: रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली की रिएजंटचा दोष आपोआप वजा होतो, कारण तो दोन्हीकडे सारखाच असणार. ऑक्टोबर 2009 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं, की दीर्घ थकव्याच्या आजाराच्या 101 रुग्णांपैकी 68 जणांच्या रक्तात उंदरांच्या विषाणूंशी जवळचं नातं असलेला हा विषाणू सापडला, तर 218 निरोगी लोकांपैकी फक्त आठांत. असा फरक असताना पाण्याची नळी कोण बघतं? वर्षानुवर्षं ज्यांच्या आजाराला कुणी आजार मानलं नव्हतं त्या रुग्णांना यात न्याय दिसला. काहींनी एचआयव्हीवरची औषधं सुरू केली, काही देशांनी अशा रुग्णांचं रक्तदान थांबवलं. जानेवारी 2010 मध्ये ब्रिटनमध्ये 186 रुग्ण तपासले गेले आणि एकातही तो मिळाला नाही. वर्षाअखेर एकामागून एक लेख आले: काही तयार किटमध्येच उंदराचा डीएनए होता आणि विषाणू शोधायच्या प्रायमरनी तो वाढत होता. विषाणूही निसर्गातला नसून, मानवी गाठी उंदरांत वाढवताना प्रयोगशाळेत जुळून आलेला होता. मूळ चमूतल्या एका प्रयोगशाळेनं आपल्या नमुन्यांत या विषाणूचा डीएनए असलेलं प्लाझ्मिड मिसळल्याचं मान्य केलं आणि डिसेंबर 2011 मध्ये ‘सायन्स’नं लेख मागे घेतला. दोन गटांतला फरक दोष वजा करतो, पण कधी? दोन्ही गटांचे नमुने एकाच काळी, एकाच बाटल्यांनी, त्याच हातांनी, कुठला कुणाचा हे न कळता हाताळले गेले तर. एरवी रुग्ण आणि निरोगी यांच्यातली तुलना ही दोन बाटल्यांची तुलना होऊन बसू शकते.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा, पैशाचा. रिएजंट बाहेरून येतात, थंड साखळीत येतात, अनुदान उशिरा येतं. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत टॅकची एकच छोटी बाटली अख्ख्या वर्गात फिरते. 96 वेलच्या प्लेटीत आठ वेल पाण्यावर घालवणं म्हणजे आठ विद्यार्थ्यांचे नमुने घालवणं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो सोय सांगत नाही, टंचाई सांगतो. पण टंचाईचाच हिशेब केला तर तो उलट दिशेनं जातो. जिथे बाटली एक आणि हात अनेक, तिथे ती दूषित होण्याची शक्यता जास्त, आणि तिच्या भरवशावर वाया जाणारी प्लेटही अधिक महाग. श्रीमंत प्रयोगशाळा शंका आली की लॉट फेकून देते. गरीब प्रयोगशाळेला शंका वेळेवर येणंच परवडतं. आणि पाण्याची नळी ऐन घाईतही काय करते हे फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेनं पाहिलं. तिथल्या रोग नियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, करोनाच्या चाचणीची किट राज्याराज्यांत पाठवली. वापरण्यापूर्वी ती पडताळताना अनेक प्रयोगशाळांना विषाणू नसलेल्या नळ्यांतही सिग्नल मिळू लागला. पुढे केंद्रानंच छापलेल्या विश्लेषणात दोन कारणं निघाली: एका घटकात कृत्रिम डीएनए मिसळला होता आणि दुसऱ्यात प्रायमर व प्रोब आपसातच गुंतत होते. किट थांबली, आठवडे गेले, देशभर टीका झाली. टीका योग्यच होती. पण ती नळी नसती तर चुकीचे निकाल रुग्णांच्या हाती गेले असते, हे त्या टीकेत फारसं कुणी म्हटलं नाही.

आता तो राखून ठेवलेला प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप. दूषितपणा तुरळक असेल तर एक कोरी नळी स्वच्छ येऊन खोटा धीर देईल. 1994 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कोळशाच्या खाणीतल्या आठ कोटी वर्षं जुन्या, बहुधा डायनासोरच्या, हाडांतून डीएनए मिळाल्याचं ‘सायन्स’मध्ये आलं होतं, पुढच्याच वर्षी दाखवलं गेलं की तो माणसाच्या केंद्रकात अडकलेला मायटोकाँड्रियाचा तुकडा असावा. तिथे कोऱ्या नळीनं डायनासोर थांबवला नाही. हे मान्य करायलाच हवं: पाण्याची नळी ‘दोष आहे’ असं खात्रीनं सांगू शकते, ‘दोष नाही’ असं नाही. पण यावरून ती सोडून द्यावी असं निघत नाही. एकाऐवजी अनेक नळ्या लावाव्यात, पीसीआरच्या टप्प्यावरच नव्हे तर डीएनए काढायच्या पहिल्या टप्प्यापासून लावाव्यात, आणि रेणूकडूनच दुसरा पुरावा मागावा असं निघतं. हरियाणातल्या राखीगढीचं काम या दृष्टीनं पाहावं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं आणि 2019 मध्ये ‘सेल’मध्ये हडप्पाकालीन व्यक्तीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यावर जे वाद पेटले ते आर्यांबद्दलचे; प्रयोगशाळेतला भाग कुणी फारसा वाचला नाही. उष्ण प्रदेशात डीएनए टिकत नाही. 61 नमुने चाळल्यावर एकाच स्त्रीच्या सांगाड्यात उपयोगी डीएनए मिळाला, तोही इतका कमी की शंभरावर लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेले डीएनए-तुकड्यांचे संच) करून तो गोळा करावा लागला. इतक्या क्षीण आवाजात बाटलीचा आणि उत्खनन करणाऱ्याचा आवाज सहज मिसळला असता. म्हणून तुकड्यांच्या टोकांकडे पाहिलं गेलं: जुन्या डीएनएत सायटोसिन झिजून वाचताना थायमिनसारखं दिसतं आणि ही झीज टोकांशी जास्त असते. कालच्या बोटावरून आलेल्या डीएनएला हे वय आणता येत नाही.

एक शेवटची तक्रार ऐकू येते, ती थोडी तत्त्वज्ञानाकडे झुकणारी. बाटलीवरच संशय घेत बसलात तर काहीच सापडणार नाही. संशयानं विज्ञान पुढे जात नाही. तिचं उत्तर वारेच्या संशोधनात आहे. 2014 मध्ये एका गाजलेल्या अभ्यासानं म्हटलं, की निरोगी वारेलाही स्वतःची जीवाणूंची वस्ती असते. गर्भ निर्जंतुक जागेत वाढतो ही जुनी समजूत त्यामुळे डळमळली. 2019 मध्ये केंब्रिजच्या चमूनं 537 स्त्रियांच्या वारा तपासल्या आणि सुरुवातीपासूनच संशय धरून तपासल्या: दोन वेगळ्या पद्धतींनी, वेगळ्या किट वापरून, कोऱ्या नळ्यांसह. पद्धत किंवा किट बदलल्यावर जे जीवाणू नाहीसे होत ते रिएजंटचे. प्रसूतीच्या वेळी चिकटलेले वेगळे काढले. एकेक नाव खोडत गेल्यावर वस्ती अशी काही उरली नाही. पण यादी पूर्ण कोरीही झाली नाही. प्रसूतिकळा सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या सुमारे 5 टक्के वारांमध्ये स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टी टिकून राहिला. किट बदललं तरी राहिला, वेगळ्या चाचणीनं पडताळलं तरी राहिला. नवजात बाळांच्या रक्तात शिरून त्यांचा जीव घेणारा हाच तो जीवाणू, आणि जन्मापूर्वीच तो कोणत्या वारेत पोचलेला असतो हे आता तपासण्यासारखं झालं आहे.